बाळाच्या वरणभाताला वेगळं मशीन लागतं का?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. बोलण्यातलं थोडं इकडचं तिकडे केलंय, बाकी जसं बोलले तसंच आहे.

बाळाच्या वरच्या आहाराचे भाग सुरू केल्यापासून एकच प्रश्न दोन वेगवेगळ्या तोंडांनी येतोय. हिंजवडी, मारुंजी, बावधनकडून येतो तो असा: "बाळ पुढच्या महिन्यात सहा महिन्यांचं होईल, बेबी फूड मेकर घ्यावा का, आणि घेतला तर कोणता?" पौडच्या पलीकडे, ताम्हिणीच्या वाटेवरच्या गावांतून येतो तो असा: "ताई, ते मशीन आमच्याकडे नाही. बाळाला काही कमी पडत असेल का?" तालुका एकच, मुळशी. पहिल्या प्रश्नात काही हजार रुपये पणाला लागलेत. दुसऱ्यात एका आईचा आत्मविश्वास. मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, पण उत्तर दोघींना एकच लागू पडतं.

मशीन करतं काय?

बेबी फूड मेकर म्हणजे वाफवायचं भांडं आणि छोटा मिक्सर एकात. गाजर, भोपळा, सफरचंद टाकायचं, वाफेवर शिजवायचं, त्याच भांड्यात फिरवायचं. काम दोनच: शिजवणं आणि बारीक करणं. आपल्या घरात पहिलं काम कुकर करतो आणि दुसरं मिक्सरचं चटणीचं भांडं, रवी, चाळण किंवा हाताची बोटं. म्हणजे मशीनने नवीन काही मिळत नाही, दोन पायऱ्या एका भांड्यात होतात. ही सोय आहे आणि सोयीला पैसे मोजण्यात गैर काही नाही. फक्त तिला पोषण समजू नका.

आधी भूक मोजू

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे अंगावर पिणाऱ्या 6 ते 8 महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण 200 किलोकॅलरी लागतात. 9 ते 11 महिन्यांत साधारण 300, आणि वर्षानंतर दोन वर्षांपर्यंत साधारण 550.

आता 200 म्हणजे किती? 30 ग्रॅम तांदूळ, 15 ग्रॅम मूगडाळ आणि एक छोटा चमचा तूप. झालं! धान्याचे साधारण 155, तुपाचे 45. पूर्ण दिवसाचं कोरडं धान्य जेमतेम मूठभर. मऊ खिचडी केली तर ती सुमारे 200 मिली होते, म्हणजे तीन वेळा लहान वाटी अर्धी-अर्धी. एवढ्याशा अन्नासाठी ओट्यावर एक अख्खं यंत्र बसवायचं का, हा हिशोब ज्याने त्याने करावा. (रोज फक्त खिचडीच द्या असं मी म्हणत नाही हं, हे माप कळावं म्हणून सांगितलं.)

खरी अडचण पाण्याची

अन्न थोडं असलं की मिक्सरचं पातं त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग आपण काय करतो? पाणी घालतो. पुन्हा फिरवतो, पुन्हा थोडं पाणी. शेवटी छान गुळगुळीत, वाहतं काहीतरी तयार होतं. बघायला सुंदर, पण तीच मूठभर खिचडी आता 200 ची 400 मिली झाली.

बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण 30 मिली मावतं. 7 किलोच्या बाळाचं पोट म्हणजे 210 मिली, आणि ते काठोकाठ भरून कुणी जेवत नाही. त्यात दूधही प्यायचं असतं. पातळ अन्नाने पोट भरतं, बाळ तोंड फिरवतं, आणि आपण म्हणतो, "खातं तर व्यवस्थित, पण वजन वाढत नाही." खातं ते पाणी!

याची परीक्षा सोपी आहे. चमचा तिरका करा. अन्न चमच्यावर टिकलं पाहिजे, हळूच घसरलं तर चालेल, पण धार लागता कामा नये. नुसतं वरणाचं पाणी आणि भाताची पेज हे आपल्याकडचं पहिलं अन्न मानलं जातं, पण तेवढ्यावर बाळ वाढत नाही. पेजेतला भात आणि वरणातली डाळ पोटात जायला हवी. हे मशीन असलेल्यांनाही लागू आहे आणि नसलेल्यांनाही.

गुळगुळीत किती दिवस?

आता मुख्य मुद्दा. बाळाला अगदी गुळगुळीत अन्न लागतं ते फार थोडे दिवस. सहाव्या महिन्यानंतर घट्ट आणि मऊ कुस्करलेलं. आठव्या महिन्याच्या आसपास हातात धरून खाता येईल असं: शिजलेल्या गाजराचा तुकडा, मऊ पोळीचा घास, केळं. नऊ ते अकरा महिन्यांत बारीक चिरलेलं, कणीदार. वर्षाचं झालं की घरातलंच जेवण, तिखट-मीठ घालण्याआधी बाजूला काढलेलं.

दहा महिन्यांपर्यंत कणीदार अन्न सुरूच केलं नाही, तर पुढे खाण्याच्या अडचणी वाढायची शक्यता असते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात म्हटलंय. आमच्या नात्यात एक बाळ आहे. वर्ष होत आलं तरी भाताचं शीत जिभेला लागलं की उमाळा काढायचं. घरात मशीन होतं, रोज सगळं त्यात फिरायचं. बाळात काही दोष नव्हता, त्याला चावायची संधीच मिळाली नव्हती. पुढे रोज थोडी थोडी कणी वाढवत नेली, तेव्हा दोनेक महिन्यांत रुळावर आलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. नवीन कणी आली की बाळ उबळ काढतं, खोकतं, तोंड वेडंवाकडं करतं. हे शिकणं आहे. घशात अडकणं वेगळं, त्यात आवाज बंद होतो, बाळाला रडताही येत नाही. म्हणून बाळ बसलेलंच असावं, खाताना कुणीतरी समोर असावं, आणि अख्खे शेंगदाणे, चणे, फुटाणे, अख्खं द्राक्ष, कच्च्या गाजराचा तुकडा हे द्यायचंच नाही.

आता पैशांकडे या. समजा मशीन 6,000 रुपयांचं आहे आणि गुळगुळीत अन्नाचे दिवस साधारण 60. म्हणजे दिवसाला 100 रुपये, तेही फक्त बारीक करण्याचे. डाळ, तूप, अंडं, भाजी वेगळी.

फळीवरचं पुरणयंत्र

परदेशात बाळाचं अन्न करायला हाताने फिरवायची एक जाळीची चक्की मिळते. तिचा फोटो पाहिला तेव्हा मला हसूच आलं. अहो, हे तर आपलं पुरणयंत्र! होळीला निघतं आणि वर्षभर फळीवर बसतं.

बाळासाठी याच्याइतकं सोयीचं साधन दुसरं नाही, असं माझं मत. एक, याला पाणी घालावं लागत नाही, म्हणून अन्न घट्ट राहतं. दोन, चवळी, वाटाण्याची सालं, टोमॅटोच्या बिया बऱ्याचशा वर राहतात. तीन, जाळ्या बदलता येतात. सुरुवातीला बारीक, आठव्या महिन्यात मोठी. म्हणजे बाळाबरोबर यंत्रही पुढच्या इयत्तेत जातं. चार, विजेची गरज नाही. मुळशी धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होते, पण जुलैच्या पावसात धरणकाठच्या घरात ती गेली की कधी येईल सांगता येत नाही. स्टीलचं घ्या. जुनं पितळेचं असेल आणि आत कल्हई नसेल, तर बाळासाठी वापरू नका.

मिक्सरचं चटणीचं भांडं मात्र एका कामाला उत्तम: शिजवलेलं चिकन किंवा मटण बारीक करायला. सहा महिन्यांनंतर बाळाला लोह बाहेरून मिळायला हवं आणि जे मांसाहार करतात त्यांनी तो बाळापासून लपवायचं कारण नाही. पाण्याऐवजी त्याच चिकनचं मीठ-मसाला न घातलेलं पाणी चमचाभर घाला.

घट्टही हवं आणि गिळायलाही सोपं?

याचं उत्तर आपल्या आज्यांकडे होतं: मोड आणलेली नाचणी. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं. ते पिठातला स्टार्च तोडतं, त्यामुळे खीर पाणी न वाढवता सैल होते. तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी 1980 च्या दशकात यावर बरंच काम केलं.

घरी करायचं तर नाचणी रात्रभर भिजवा, कापडात बांधून मोड आणा, कडक वाळवा, दळून चाळून घ्या. खमंग भाजू नका, नाहीतर विकर मरतं. घट्ट शिजलेल्या भात-डाळीत चमचाभर पीठ घालून ढवळा, ती सैल होताना दिसेल. मग पुन्हा नीट उकळी आणा, कारण मोडाच्या कच्च्या पिठात जंतू असू शकतात. गावातल्या गिरणीत दळलेलं हे पीठ कोणत्याही मशीनपेक्षा जास्त काम करतं.

धुणं आणि साठवणं

वस्तू घेताना पात्याच्या खाली रबराची चकती आहे का बघा. ती काढून धुता येते का? तिथेच अन्न अडकतं. धुवायला अवघड वस्तू बाळासाठी नकोच. शिजवलेलं अन्न फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. ट्रेमध्ये अन्न गोठवून ठेवायची पद्धत नोकरी करणाऱ्या आयांना सोयीची आहे, पण वीज सलग नसेल तिथे तो बेत करू नका. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

मग घ्यावंच कुणी?

घेण्यासारखी कारणं असतात. जुळी बाळं आहेत. घरात मिक्सरच नाही. दिवसभर बाळ आजीकडे असतं आणि तिच्या हातांना संधिवात आहे. किंवा बाळाला गिळण्याची अडचण आहे आणि डॉक्टरांनी बरेच महिने मऊ अन्नच द्यायला सांगितलंय. अशा घरांनी जरूर घ्यावं, अपराधी वाटून घेऊ नये. बाकीच्यांना माझी एकच विनंती: उष्टावणाच्या आधी काही घेऊ नका. आधी पंधरा दिवस घरातल्या वस्तूंवर काढा. नेमकं कुठे अडतंय ते कळेल. बहुतेक घरांत एक बारीक चाळण, झाकणाची छोटी वाटी आणि मऊ कडांचा चमचा एवढ्यावर भागतं.

जाहिरातींबद्दल एक सांगते. 1992 च्या कायद्याने आणि 2003 च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालच्या बाळांच्या डबाबंद अन्नाची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे बंदी आहे. मिक्सर, स्टीमर या वस्तू त्यात येत नाहीत. म्हणून मोबाइलवर त्याच दिसत राहतात. दिसतात म्हणून त्या गरजेच्या होत नाहीत.

आणि ताम्हिणीच्या वाटेवरच्या त्या ताईंना: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, देशात 6 ते 23 महिन्यांच्या 100 मुलांपैकी जेमतेम 11 मुलांना पुरेसा आहार मिळत होता. पुरेसा म्हणजे काय मोजलं? दिवसातून किती वेळा खाल्लं आणि किती प्रकारचं खाल्लं. घरात यंत्र कोणतं, हे कुणी विचारलं नाही. तुमच्याकडे खाचरातला आंबेमोहर आहे, नाचणी आहे, परसात भोपळा आणि शेवगा आहे, कोंबडीचं अंडं आहे, नदीचा मासा आहे. काटे काढा, नीट शिजवा, घट्ट कुस्करा, वर तूप सोडा. साखर-मीठ नको आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटही नको. महिन्याला अंगणवाडीत वजन करून घ्या. रेघ वर जात असेल तर तुमचं काही कमी पडत नाहीये.

मामा लोकांनी विचारलं होतं, उष्टावणाला काय द्यावं? स्टीलचं पुरणयंत्र द्या. बाळ मोठं झालं की घरात पुरणपोळ्या तरी होतील.

पुढच्या भागात पाळणाघरात डबा कसा द्यायचा ते बघू. तुमच्याकडे बाळाचा मऊ भात कशाने घोटतात, रवीने, पळीने की हाताने, ते मला जरूर कळवा.