औषध कधी थांबवायचं, हे सांगणारं रक्त

नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तरी तो मोठ्या माणसासारखा ठळक दिसत नाही. ताप येईलच असं नाही. कित्येकदा अंग उलट गार पडतं. बाळ दूध ओढेनासं होतं, मलूल पडतं, रडणं क्षीण होतं, मध्येच श्वास अडतो. यातलं कुठलंही लक्षण साखर उतरल्याने, थंडीने किंवा दिवस पुरे न भरल्यानेही येऊ शकतं. पण सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, असेल, तर काही तासांत बाळ हाताबाहेर जातं. म्हणून संशय येताच रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहायला, पाठवून डॉक्टर अँटिबायोटिक सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. अवघड प्रश्न त्यानंतरचा: ते बंद कधी करायचं?

एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८०-९० मिलिलिटर रक्त असतं. त्यातलं जेमतेम एक मिलिलिटर कल्चरच्या बाटलीत जातं. जंतू थोडे असतील, किंवा प्रसूतीआधी आईला अँटिबायोटिक दिलेलं असेल, तर त्या बाटलीत काहीच वाढत नाही. दोन दिवसांनी 'निगेटिव्ह' असा रिपोर्ट येतो, आणि तरीही संशय फिटत नाही. औषध चालू राहतं, पाच दिवस, सात दिवस. बाळ काचेच्या पेटीत, आई बाहेर.

इथे सीआरपी (सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन) कामाला येतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. शरीरात दाह सुरू झाला की पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा रासायनिक संदेश सोडतात आणि यकृत सीआरपी बनवू लागतं. आईच्या रक्तातला सीआरपी वारेतून बाळात उतरत नाही. म्हणजे बाळाच्या रक्तात सापडला तो बाळानेच बनवलेला.

मात्र या कामाला वेळ लागतो. सीआरपी रक्तात दिसण्याजोगा वाढायला सहा-आठ तास तरी जातात आणि शिखर गाठायला एक-दोन दिवस. संशय आला त्या क्षणी घेतलेला पहिला नमुना म्हणूनच फसवा ठरू शकतो. कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात, जन्मानंतर काही दिवसांनी होणाऱ्या संसर्गासाठी एकट्या सीआरपीवर विसंबलं, तर खरोखर संसर्ग असलेल्या शंभर बाळांपैकी साधारण ६२ च हाती लागतात असं दिसलं. उरलेल्यांचा रिपोर्ट 'नॉर्मल' आलेला असतो. उलट बाजूनेही गफलत होते: बाळंतपण अडलं, गर्भजलातली शी श्वासात गेली, शस्त्रक्रिया झाली, तरी जंतू नसताना सीआरपी चढतो.

मग उपयोग काय? उपयोग दुसऱ्या नमुन्यात आहे. समजा, दुसऱ्या दिवशी सीआरपी ४८ (मिलिग्रॅम प्रति लिटर) आला. नवा बनला नाही, तर रक्तातला सीआरपी दर १९ तासांनी निम्मा होतो, हे पक्कं ठाऊक आहे. आणखी चोवीस तासांनी तो २० वर उतरलेला दिसला, तर तो जवळजवळ पूर्ण वेगाने ओसरतो आहे, म्हणजे यकृताने नवा बनवणं थांबवलं आहे. औषध लागू पडतं आहे. तोच आकडा ४५ वर अडला, तर आग कुठेतरी धुमसते आहे. जंतू औषधाला दाद देत नसेल, नाहीतर मेंदूच्या आवरणात किंवा हाडात लपला असेल. आणि चोवीस तासांच्या अंतराने घेतलेले दोन्ही नमुने १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली असतील, तर? अमेरिकेत विल्यम बेनिट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं, की अशा बाळाला संसर्ग नसण्याची खात्री ९९ टक्क्यांहून जास्त असते. दोन थेंब रक्तातून मिळणारं हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं.

संसर्गात वाढणारं दुसरं प्रथिन, प्रोकॅल्सिटोनिन, याहून चपळ: दोन-चार तासांतच चढू लागतं. पण निसर्गाची एक अडचण आहे. जन्मानंतर पहिल्या दिवशी निरोगी बाळातही ते वाढतं आणि दुसरा दिवस सरता-सरता उतरतं. त्यामुळे बाळ किती तासांचं आहे हे पाहूनच आकडा वाचावा लागतो. असा तासागणिक तक्ता वापरून नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, कॅनडा आणि चेक प्रजासत्ताकातल्या १८ रुग्णालयांत सतराशेहून अधिक बाळांवर 'निओपिन्स' चाचणी झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अँटिबायोटिकचा सरासरी काळ ६५ तासांवरून ५५ तासांवर आला होता.

दहा तास ऐकायला थोडे वाटतात. आपल्याकडे तसे वाटू नयेत. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान झालेल्या अभ्यासात बाळांच्या रक्तात सर्वाधिक सापडलेला जंतू होता अ‍ॅसिनेटोबॅक्टर, आणि त्याचे ८२ टक्के नमुने अनेक औषधांना एकदम पुरून उरणारे होते. गरज नसताना दिलेला प्रत्येक डोस अशाच जंतूंना वाव देतो, शिवाय बाळाच्या आतड्यात नुकते वसू लागलेले उपयोगी जंतूही मारतो.

औषधाला सुरुवात करायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही, हे गडचिरोलीने सिद्ध केलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत तयार झालेल्या आरोग्यदूत घरोघरी जाऊन केवळ लक्षणांवरून सेप्सिस ओळखत आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन देत. १९९९ च्या 'लॅन्सेट'मधल्या त्यांच्या निबंधानुसार त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. बाळ जगवण्यासाठी नजर आणि हात पुरेसे ठरले. पण लक्षणं निवळल्यावर आत काय उरलं आहे, हे नजरेला दिसत नाही. तिथे मोजमापच हवं.

तेही महागडं हवं असं नाही. आपल्या वॉर्डांतल्या 'सेप्सिस स्क्रीन'मध्ये सीआरपीसोबत पांढऱ्या पेशींची मोजणी असते, अपक्व पेशींचं प्रमाण असतं, आणि मायक्रो-ईएसआर असतो: टाचेतल्या रक्ताने भरलेली केशनळी तासभर उभी ठेवायची आणि लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते पट्टीने मोजायचं. यातल्या दोन किंवा अधिक गोष्टी बिघडलेल्या असतील, तरच स्क्रीन पॉझिटिव्ह. तालुक्याच्या दवाखान्यातही हे जमतं. अडतं ते पुढेच. पहिली स्क्रीन होते, दुसरी राहून जाते; आणि रिपोर्टवर तारीख असते, पण रक्त घेतलं तेव्हा बाळ किती तासांचं होतं ते नसतं. ही नोंद प्रत्येक नवजात बाळाच्या रिपोर्टवर सक्तीची करायला हवी, आणि 'दुसरा नमुना कधी घेणार?' हे आई-वडिलांनी निःसंकोच विचारायला हवं.