हार्दिकचा सौदा कुणाला पावला?

आमच्या सुरत जिल्ह्यातल्या चोर्यासीत जन्मलेला हार्दिक पंड्या नोव्हेंबर २०२३मध्ये आयपीएलच्या गुजरात टायटन्समधून मुंबई इंडियन्सकडे गेला. बदल्यात खेळाडू कोण मिळाला? कुणीच नाही! गुजरातला मिळाली ती पर्समधली, म्हणजे लिलावाच्या बजेटमधली जागा. हार्दिकचे १५ कोटी मुंबईच्या पर्समधून वजा झाले. त्यासाठी मुंबईने १७.५ कोटींचा कॅमरन ग्रीन बंगळुरूला दिला. म्हणजे तुलना करायची ती हार्दिक आणि ग्रीनची, वर मुंबईकडे अडीच कोटी शिल्लक. फॅन्टसी लीगमध्येही ट्रेड तोलताना मी आधी पगार बघतो, मग धावा. गुजरातने पुढच्याच लिलावात स्पेन्सर जॉन्सनवर १० कोटी लावले. (मला तो महागच वाटला.) २०२४च्या गुणतक्त्यात मुंबई दहावी, गुजरात आठवी, बंगळुरू मात्र प्लेऑफमध्ये!