मृत्यूची वेळ सांगणाऱ्या अळ्या

पनवेल तालुक्यात कर्नाळ्याच्या जंगलात किंवा खाडीकाठच्या खारफुटीत एखादा अनोळखी मृतदेह आढळला, की तपासाचा पहिला प्रश्न असतो तो मृत्यू केव्हा झाला हा. शरीराचे तापमान व मरणोत्तर काठिण्य यांवरून फार तर पहिल्या दीड-दोन दिवसांचा अंदाज बांधता येतो. कोकणच्या दमट उष्म्यात ही लक्षणे लवकर नाहीशी होतात. मग साक्ष उरते ती माश्यांच्या अळ्यांची.

चकाकत्या हिरव्या-निळ्या माश्या उघड्यावरील मृतदेहाकडे बहुधा काही तासांतच येतात आणि डोळे, नाक, तोंड किंवा जखमांत अंडी घालतात. अंडी, अळीच्या तीन अवस्था, कोष व माशी हा क्रम ठरलेला असतो. वेग मात्र तापमानावर अवलंबून असतो. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या ‘क्रायसोमिया मेगासेफाला’ या जातीचा हा प्रवास सुमारे ३० अंश सेल्सिअसला साधारणतः नऊ-दहा दिवसांत पुरा होतो. थंडीत तो लांबतो. मुसळधार पावसात वा रात्री माश्या सहसा अंडी घालीत नाहीत. म्हणून अळीच्या वयावरून मृत्यूनंतर लोटलेला किमान काळ तेवढा सांगता येतो. युरोपातील तक्ते पनवेलच्या श्रावणाला जसेच्या तसे लावणे अर्थातच धोक्याचे होय.

या साक्षीचे मोल १९३५ साली स्कॉटलंडमध्ये दिसून आले. मोफॅट गावाजवळील ओढ्यात २९ सप्टेंबर रोजी दोन स्त्रियांच्या मृतदेहांचे तुकडे सापडले. ग्लासगो विद्यापीठाचे डॉ. अलेक्झांडर मिअर्न्स यांनी अळ्या तपासून त्यांचे वय १२ ते १४ दिवस ठरविले. त्या दोघी १५ सप्टेंबरच्या सुमारास नाहीशा झाल्या होत्या. आरोपी डॉ. बक रक्स्टन हा मुंबईत जन्मलेला व तेथेच वैद्यक शिकलेला होता. १९३६ साली त्यास फाशी झाली. अळ्या हा त्या खटल्यातील अनेक पुराव्यांपैकी एक होता, हेही लक्षात घ्यावयास हवे.

शवविच्छेदनापूर्वी मृतदेह धुताना अळ्या घाण म्हणून वाहून गेल्या, तर हा पुरावा कायमचा नष्ट होतो. त्यासाठी पंचनाम्याच्या वेळीच सर्वांत मोठ्या अळ्या वेचाव्यात. काही कढत पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. काही मांसाच्या तुकड्यावर जिवंत ठेवून कीटकतज्ज्ञाकडे पाठवाव्यात, कारण जातीची खात्री पूर्ण वाढलेल्या माशीवरून अधिक सुलभ होते. देहाखालची माती कोषांसाठी चाळावी. जागेचे तापमान नोंदवावे, आणि मृतदेह शीतगृहात केव्हा ठेवला ती वेळही; तेथील गारव्यात अळ्यांची वाढ मंदावते.