लॅपटॉपची मेमरी वाढवितांना



शहरांतील घरीं नवा लॅपटॉप आला म्हणजे जुना पुष्कळदां गांवाकडच्या भाच्याला किंवा पुतण्याला दिला जातो. शहापूर-मुरबाडकडे अशा यंत्रावर अभ्यास करणारीं मुलें आहेत. तें मंद चालूं लागलें कीं, "मेमरी वाढव," असा सल्ला मिळतो. पण कोणती, हें सहसा कोणी सांगत नाहीं. ती आणण्यासाठीं मुरबाडच्या मुलानें एस्टीनें कल्याण गांठावें, शहापूरच्यानें आसनगांवहून लोकल धरून मुंबईचा लॅमिंग्टन रोड गांठावा, आणि पट्टी भलतीच निघावी, म्हणजे पैशाबरोबर सबंध दिवसही फुकट जातो.

मेमरी, म्हणजे दुकानांत जिला रॅम म्हणतात ती, आहे तरी काय? कपाटांत पुस्तकें शेंकडों असोत. एका वेळीं उघडावयाचीं तीं मेजावर मावतील तेवढींच. डिस्क हें कपाट व मेमरी हें मेज होय. मेज अपुरें पडलें कीं यंत्राला वारंवार कपाटाकडे जावें लागतें व काम अडतें. म्हणून प्रथम, नेहमींचें काम चालू असतांना, विंडोजमधील टास्क मॅनेजरमध्यें मेमरी किती भरली आहे तें पाहावें. ती निम्मीच भरलेली असेल, तर दोष बहुधा अन्यत्र आहे.

ती खरोखर भरत असेल, तर चार प्रश्न विचारावे. पहिला, ती बदलतां येते काय? अनेक सडपातळ लॅपटॉपांत ती मुख्य बोर्डावर डाख देऊन कायमची बसविलेली असते. तेथें उपाय नाहीं.

दुसरा, पिढी कोणती? डीडीआर ३, ४ व ५ या पिढ्यांच्या लॅपटॉपच्या पट्ट्यांना अनुक्रमें २०४, २६० व २६२ टोंकें असतात, व खांच निरनिराळ्या जागीं असल्यामुळें एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं. फसगत होते ती तिसऱ्या पिढींत. तिच्यांत १.५ व्होल्टची साधी आणि १.३५ व्होल्टवर चालणारी 'एल' अशा दोन जाती असून खांच एकच आहे. 'एल'च मागणाऱ्या यंत्रांत साधी पट्टी बसते खरी, पण यंत्र सुरूच न होण्याचा संभव असतो. पट्टीवर 'पीसी ३' आहे कीं 'पीसी ३ एल', हें वाचून घ्यावें.

तिसरा, यंत्राची कमाल मर्यादा किती? मॉडेलच्या क्रमांकावरून ती निर्मात्याच्या माहितीपत्रकांत सांपडते. चौथा, वेग किती? दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र बसविल्यास दोन्ही सामान्यतः मंद पट्टीच्या वेगानें चालतात. वेगवान पट्टीचे जादा पैसे वायां जातात.

यंत्र बंद करून, चार्जर व बॅटरी सोडवून, हात धातूला लावून जुनी पट्टी काढावी व दुकानांत बरोबर न्यावी. आणि यंत्र देणारांनीं मॉडेलचा क्रमांक व पट्टीवरील अक्षरें एका चिठ्ठीवर लिहून सोबत दिलीं, तर त्या मुलाची एक व्यर्थ खेप निश्चित वांचेल.