एअरबॅगच्या दिव्याची कैफियत

जालना जिल्ह्यात परतुराहून माजलगावकडे निघाले म्हणजे वाटेत आष्टी लागते. बीड आणि वर्धा जिल्ह्यांतील आष्ट्यांहून ही निराळी, काळ्या जमिनीची आणि कापूस-सोयाबीनच्या शिवाराची. अशा गावी मोटारीतला एअरबॅगचा दिवा लागला आणि तो विझेना, तर गाडी चालतेच आहे, एंजिनात काडीचाही फरक पडलेला नाही आणि कंपनीचे वर्कशॉप दूर आहे, या तीन सबबींवर मालक तो दिवा महिनोन्‌महिने नजरेआड करतो. एरवी दिवा लागला नाही तर आपण तक्रार करतो. येथे मात्र जळत राहणारा दिवाच तक्रारदार असतो, आणि त्याची कैफियत ऐकून घेणे हे मालकाचे पहिले कर्तव्य होय.

हा प्रश्न आपल्या गावांपर्यंत पोहोचला तो अलीकडेच. व्होल्वो कंपनीने 1994 साली बाजूची एअरबॅग प्रथम बाजारात आणली; आपल्याकडे चालकाची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून आणि शेजारच्या प्रवाशाची 1 जानेवारी 2022 पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली. त्याच जानेवारीत केंद्र सरकारने बाजूच्या धरून सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा काढला, 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाल्यावर त्याची देशभर चर्चा झाली, आणि पुढे ती सक्ती बारगळली तरी 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या सुरक्षा-चाचण्यांमुळे व ग्राहकांच्या आग्रहामुळे अनेक कंपन्यांनी सहा एअरबॅगा आपणहून दिल्या.

समोरून धडक बसली तर बॉनेटचा भाग चेपत जाऊन आघात शोषतो. कुशीत धडक बसली तर दार आणि बरगडी यांच्यामध्ये वीतभरच जागा असते. म्हणून गाडीच्या खांबातील वा दारातील सेन्सरची वर्दी मिळताच, अवघ्या दहा-पंधरा मिलिसेकंदांत, सीटच्या पाठीतील बाजूच्या एअरबॅगची पिशवी फुगून उभी राहावी लागते. तिच्या स्फोटकाला दोन तारा जातात, आणि एअरबॅगचा नियंत्रक चावी फिरल्यापासून त्यांतून अत्यल्प प्रवाह सोडून रेझिस्टन्स मोजत राहतो. तो सामान्यतः दोन ओहमच्या आसपास असतो. तार तुटली, बॉडीला लागली, दोन्ही तारा एकमेकींना भिडल्या किंवा सांध्यावर गंज चढला, की आकडा हलतो, दोषाचा कोड नोंदला जातो आणि दिवा लागतो.

दोष बहुधा पिशवीत नसतो, तो सीटखालच्या पिवळ्या सॉकेटात असतो. सीट पुढे-मागे सरकवताना तेथील वायर ताणली जाते. सीटखाली कोंबलेली पाण्याची बाटली, टॉमी किंवा बियाण्याची पिशवी तिला हिसके देते. धुलाईचे पाणी आणि मातीची धूळ पिनांवर बसते. गोदामाशेजारी उभ्या असलेल्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात. जाणता मेकॅनिक प्रथम स्कॅनर लावून कोड लिहून घेतो, तो आताचा आहे की जुना हे पाहतो, मग बॅटरीची तार काढून कंपनीने सांगितलेली मिनिटे थांबतो, कारण नियंत्रकातील कपॅसिटरमध्ये पिशवी उडवण्याइतकी वीज शिल्लक असते. त्यानंतरच तो सॉकेटाचे लॉक उघडतो, पिना वाकल्या का, हिरवट पडल्या का हे उजेडात धरून पाहतो, आणि पिशवीच्या जागी तेवढ्याच ओहमचा चाचणी-रेझिस्टर जोडून कोड जातो का ते तपासतो: कोड गेला तर दोष पिशवीकडे किंवा तिच्या सांध्यात, राहिला तर वायरिंगकडे किंवा नियंत्रकाकडे. एअरबॅगला साधा मल्टिमीटर मात्र तो कदापि लावीत नाही, कारण मीटरचा प्रवाहही तिला उडवू शकतो. तार तुटलेली निघाली तर पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. कंपनीच्या पुस्तकात जो जोड किंवा जी नवी वायर सांगितली असेल तीच घालावी.

या साऱ्या खटाटोपाला एक आडवाट आहे, आणि तिच्याविरुद्ध लिहिणे हाच या लेखाचा हेतू. चाचणीचा तोच रेझिस्टर सॉकेटात कायमचा बसवून दिला, की नियंत्रकाची फसगत होते, दिवा विझतो, मालक खूश होऊन पैसे मोजतो, आणि पिशवी मात्र तारेपासून तुटलेली राहते. हा यंत्राकडून घेतलेला खोटा दाखला आहे, आणि त्याची किंमत कुशीतल्या धडकेच्या क्षणी सीटवर बसलेल्या माणसाला चुकवावी लागते. एअरबॅग असलेल्या सीटवर सरसकट शिवलेले कव्हर चढवणे हाही त्याच जातीचा अपराध, कारण पिशवी बाहेर येण्याची शिवणच त्याने बंद होते.

तेव्हा गाडी परत घेताना मालकाने विझलेल्या दिव्यावर समाधान न मानता चार गोष्टी मागाव्यात: आधी कोणता कोड होता, कारण काय सापडले, काय बदलले, आणि दुरुस्तीनंतर सीट पुढे-मागे सरकवूनही स्कॅनरवर ओहमचा आकडा स्थिर राहतो का. आष्टीतील मालकाने हे विचारण्याचा शिरस्ता पाडला, तर प्रामाणिक मेकॅनिकच्या मेहनतीला मोल येईल आणि आडवाटेचा धंदा आपोआप बंद पडेल. जीव वाचवणाऱ्या यंत्राचा हिशेब मागणे हा मालकाचा हक्क आहे, आणि सीटपट्टा लावून मगच चावी फिरवणे ही त्या हक्काबरोबर येणारी जबाबदारी आहे.