मातीची चादर

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात ताडकळस हे गाव आहे. या भागातील जमीन काळी आहे. पावसाळ्यात ही माती पायाला चिकटते, ती लवकर सुटत नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत तीच माती दगडासारखी कडक होते आणि तिला भेगा पडतात. असे का होते? काळ्या मातीतले बारीक कण पाणी प्यायले की फुगतात आणि वाळले की आकसतात. भेग पडली की खोलवरची ओलही त्या वाटेने उडून जाते. झाडाची नाजूक मुळे तुटतात.

या दिवसांत परभणीकडे तापमान ४२ अंशांच्याही वर जाते. विहिरी आटतात. पिण्याचे पाणीच जिथे मोजून वापरायचे, तिथे अंगणातल्या मोगऱ्याला आणि लिंबोणीला पाणी कोण घालणार? लिंबोणीला फळे यायला तीन-चार वर्षे लागतात. वाळायला मात्र एक उन्हाळा पुरतो.

यावर एक साधा उपाय आहे. झाडाच्या बुंध्याभोवतीची माती पालापाचोळ्याने झाकायची. याला आच्छादन म्हणतात. आच्छादन हा शब्द तुम्हांला अवघड वाटेल. मग ‘चादर’ म्हणा. चादर, जमीन, बाग, गुलाब हे शब्द उर्दूत आहेत, तसेच मराठीतही आहेत.

ही चादर ऊन आणि वारा अडवते. त्यामुळे माती कमी तापते व ओल जास्त दिवस टिकते. उजेड न मिळाल्यामुळे तणही कमी उगवते. पुढे पाला कुजतो आणि त्याचे खत होते.

चादरीसाठी पैसे लागत नाहीत. कडुनिंबाचा वाळलेला पाला, सोयाबीनचे भुसकट, गव्हाचे काड, उसाचे पाचट, यांपैकी काहीही चालते. कडबा मात्र घेऊ नका. तो जनावरांच्या तोंडचा घास आहे. पुष्कळ ठिकाणी अंगण झाडून पाला पेटवून देतात. खताला काडी लावण्यासारखेच आहे ते! शेतात आता प्लॅस्टिकचा कागदही अंथरतात. टरबुजासारख्या पिकाला तो उपयोगी पडतो. पण तो कुजत नाही, त्याचे तुकडे मातीत राहतात. घरच्या चार झाडांना पालाच बरा.

आधी माती खुरप्याने हलवून भेगा बुजवा. मग पोटभर पाणी द्या आणि नंतरच तीन-चार बोटे जाडीचा थर पसरा. कोरड्या मातीवर चादर घालून फारसा फायदा नाही. खोडाला पाला चिकटू देऊ नका; चार बोटे जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते. वाळवी दिसली तर तेवढा पाला काढून टाका.

आणखी एक गोष्ट, आणि ती फार महत्त्वाची आहे. गार जागा विंचवालाही आवडते. म्हणून पाला कधीही उघड्या हाताने उचलू नका, काठीने बाजूला करा.

खरेखोटे पाहायचे असेल तर दोन सारख्या कुंड्या घ्या. दोन्हींत सारखीच माती आणि सारखेच रोप लावा. एकीवर पाला पसरा, दुसरी उघडी ठेवा. दोन्हींना एकाच वेळी एक-एक तांब्या पाणी घाला. मग रोज सकाळी मातीत बोट घालून ओल पाहा. कोणती कुंडी आधी कोरडी झाली आणि दुसरी किती दिवसांनी, ते वहीत लिहून ठेवा.