खर्रा आणि सकाळचे पोट

सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून खर्रा तयार होतो. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर, हिंगणघाट आणि एकूणच पूर्व विदर्भात तो पानठेल्यावर पन्नीत मिळतो. ठेलेवाला पन्नी फळीवर दाबून तळहाताने घोटत राहतो. सुपारीला चुना नीट लागला, मिश्रण ओलसर झाले की तोंड बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. दिवसाची सुरुवात चांगल्या सवयीने करावी असे ठरवणाऱ्या अनेकांची सकाळ याच पन्नीने सुरू होते, आणि त्यामागे एक पक्का समज असतो: खर्रा तोंडात टाकल्याशिवाय पोट साफ होत नाही.

शेतावर निघालेला मजूर हे सांगतो, कार्यालयात निघालेला बाबूही सांगतो. व्यसन म्हटले की राग येतो, कारण मनात खर्ऱ्याला औषधाची जागा मिळालेली असते. या समजात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो इतका चिवट आहे. तंबाखूतील निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते. मात्र रोजच्या सवयीने शरीर त्या धक्क्याची वाट पाहू लागते. तो मिळाला नाही की पोट अडते, आणि मिळाला की मोकळे होते. म्हणजे खर्रा जी तक्रार दूर करतो, ती बऱ्याच अंशी त्यानेच निर्माण केलेली असते. खर्रा सुरू होण्याआधी, लहानपणी, याच माणसाचे पोट कशाने साफ होत होते, हा साधा प्रश्न मात्र कोणी स्वतःला विचारत नाही.

सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर मोठे आतडे आपणहून हालचाल करते. ही शरीराची जन्मजात व्यवस्था आहे. तिला ग्लासभर पाणी, आदल्या दिवशीच्या जेवणातील ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पालेभाजी, थोडे चालणे आणि ठरलेली वेळ एवढे पुरते. खर्रा सोडल्यावर काहींना बद्धकोष्ठाचा त्रास होतो, हे खरे आहे. साधारणपणे काही आठवड्यांत तो ओसरतो. नेमक्या याच दिवसांत ‘बघा, मला सोसत नाही’ म्हणून पन्नी पुन्हा खिशात येते. हे टाळता येण्यासारखे असते, आणि म्हणूनच ते पाहताना जीव तुटतो.

या ‘औषधा’ची किंमत तोंड मोजते. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. सुपारीतील अरेकोलीनमुळे त्या त्वचेखाली तंतू साचत जातात. पहिली खूण जेवताना दिसते: वर्षानुवर्षे खाल्लेला ठेचा अचानक आग करू लागतो, आणि दोष मिरचीला दिला जातो. पुढे गाल पांढरट, ताठ होतो आणि तोंड उघडेनासे होते. आपलीच तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये मावत नसतील, तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये. साचलेले तंतू सहसा मागे हटत नाहीत, आणि या आजारातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

‘धूर नाही, म्हणजे धोका नाही’ हा दुसरा समज. २०१६-१७ च्या देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के. राज्याचा तंबाखूचा प्रश्न मुख्यतः चघळण्याचाच आहे. ‘तंबाखू काढली, नुसती सुपारी खातो’ हीही पळवाटच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे.

‘खर्ऱ्याने उपवास मोडत नाही’ असेही म्हटले जाते. एकादशीला साध्या मिठाऐवजी सैंधव वापरण्याइतकी काटेकोर घरे खर्ऱ्याला मात्र सूट देतात. संयमासाठी धरलेल्या उपवासात सर्वांत मोठी ओढ तशीच जपली, तर त्यात संयम कुठला? उपवास आणि संयमाचा आग्रह धरणाऱ्या, याच वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामला १९३६ मध्ये राहायला आलेल्या गांधीजींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये आरोग्यावर पुस्तक लिहिले. त्यात तंबाखूवर स्वतंत्र प्रकरण आहे.

समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवरील दर्ग्यात शेख फरीदबाबांना नवस बोलला किंवा गळ्यात माळ घातली की व्यसन आपोआप सुटते, हा समज श्रद्धेवर नको इतके ओझे टाकतो. शपथेने निश्चय होतो, पण निकोटिनची ओढ शरीरात असते. पहिले दोन-तीन दिवस ती सर्वांत तीव्र असते. एकेक तलफ मात्र काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटे काढायला सोबत लागते. तुकडोजी महाराजांनी विदर्भातल्या गावांना लावलेली सामुदायिक प्रार्थना इथे फार उपयोगी पडते: ठरलेली सायंकाळ, सरळ बैठक, शेजारी ओळखीची माणसे आणि तोंडात खर्ऱ्याऐवजी शब्द.

व्यसन सोडणाऱ्याला हमखास सांगितला जाणारा ‘२१ दिवसांत नवी सवय लागते’ हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील पुस्तकातून पसरला. आपल्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, एवढेच त्याचे निरीक्षण होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय लागण्याचा मध्यम आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि व्यक्तीनुसार तो १८ पासून २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. हा अभ्यास खाणे, पिणे, व्यायाम अशा नव्या सवयींचा होता. व्यसन सोडणे त्याहून अवघड. त्यामुळे बाविसाव्या दिवशी तलफ आली तर निश्चय फसला असे मुळीच नाही.

सोडताना मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. तोंडाच्या तपासणीसाठी समुद्रपूरकरांना सावंगी मेघेचे दंत महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. अनेक वर्षे खर्रा खाल्लेल्याने तो सोडल्यानंतरही ही तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी लागते.